सोसतंय की

“सोसतंय का?” मी विचारलं.

“सोसतंय की,” ईश्वरा पोवार म्हणाले.

“नक्की ना? फार कडक वाटलं तर लगेच सांगायचं.”

“आवं बाई, सगळा जलम चुलवाणापुढं गेला माजा. ह्या टावेलातल्या उबंचं काय घिऊन बसलाय? जरा कडक लावा की. अंगाला कायतरी लागलं पायजे.”

मी हसले आणि शेकाच्या पिशवीखालून टॉवेलचा एक पदर काढून टाकला. वीस मिनिटांचं घड्याळ लावलं आणि पडदा सारून पलीकडच्या गुडघ्याकडे वळले. तो टॉवेल मला अजून आठवतो. पांढरा होता, निळ्या काठाचा.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या एका गावात ट्रस्टचं रुग्णालय होतं आणि तिथे मी नुकतीच लागले होते. मी मूळची सावंतवाडीची, शिक्षण मुंबईत, वय तेवीस. दारावर ‘फिजिओथेरपी विभाग’ अशी पाटी होती, पण तिच्या वाटेला कोणी जात नसे. गावासाठी ती शेकाची खोली होती आणि मी शेकाच्या बाई. व्यायाम सांगितला की माणसं खिडकीबाहेर बघत. शेक म्हटला की चेहरे खुलत. कातडी लाल झाली म्हणजे इलाज झाला, असा तिथला हिशेब. आदल्या दिवसापेक्षा कमी लाल झाली तर बायका मला बोलून दाखवत, “आज काय हात आखडता घेतलासा व्हय?”

कॉलेजात आमच्या बाईंनी एक नियम डोक्यात ठोकून बसवला होता. कातडीला विचारल्याशिवाय शेक द्यायचा नाही. काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि जिथे शेक द्यायचा तिथे आलटूनपालटून नळ्या टेकवून विचारायचं, गरम की गार? पाच मिनिटांचं काम. त्या सकाळी बाकावर अकरा जण होते, म्हणून मी ते टाळलं. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की समोर गुळव्या बसला होता आणि उष्णतेबद्दल गुळव्याला मी काय विचारायचं, असं मला वाटलं.

गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. खाली चुलवाण पेटलेलं असतं. काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे एकच माणूस ठरवतो. तो गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो बोटांत त्याची गोळी वळून बघतो. मिनिट इकडचं तिकडे झालं की गूळ मऊ पडतो, नाहीतर करपतो. ईश्वरा पोवार चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर बावीस वर्षं गुळव्या होते. तालुक्यात त्यांच्या हाताचं नाव होतं. दसरा आठ दिवसांवर आला होता, दसऱ्याला चुलवाण पेटणार होतं, आणि त्यांचा उजवा कोपर दोन महिने ठणकत होता.

“आनि ह्या दोन बोटांस्नी मुंग्या येत्यात,” करंगळी आणि शेजारचं बोट दाखवत ते म्हणाले होते. करंगळीवर भाजल्याचे जुने डाग होते. गुळव्याच्या बोटांवर डाग असायचेच. मी कार्डावर ‘कोपराचा सांधा, अतिश्रम’ असं लिहून टाकलं.

घड्याळ वाजलं तेव्हा मी पिशवी काढली. हात चांगला लाल झाला होता. “झ्याक वाटलं,” म्हणून ते बाही खाली ओढून गेले. कार्डावर मी लिहिलं, शेक चांगला सोसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडते तोच त्यांची बायको, गौराबाई, दारात उभी. मागे ईश्वरातात्या, मान खाली घालून.

“तुमीच का शेकाच्या बाई? बगा, काय करून ठिवलंय ते!”

तिने त्यांची बाही वर केली. कोपराखाली बाहेरच्या अंगाला दोन फोड आले होते, लिंबाएवढे, पाण्यानं टच्च भरलेले.

खरं सांगायचं तर पहिला विचार त्यांचा नव्हता, माझाच होता. तीन महिन्यांची नोकरी, अजून कायम झाली नव्हती, आणि चौगुले रुग्णालयाचे विश्वस्त होते. त्यांच्याच गुळव्याला मी भाजलं होतं.

“तात्या, काल का नाही सांगितलंत? मी विचारत होते ना?”

“सांगायला काय हुतं? दुकत न्हाई तर.”

“मानसाचं सालटं निगालंय आनि म्हनं दुकत न्हाई!” गौराबाई कडाडली.

“गप गं. रातभर डाराडूर झोपलोय मी. घरी गेल्यावर हिनंच बगितलं, तवा मला कळलं.”

मी फोडांकडे बघत राहिले. एवढं भाजलं तर माणूस रात्रभर गाव डोक्यावर घेतो. हा माणूस झोपला होता.

मी दाराला कडी घातली आणि कपाटातून त्या दोन नळ्या काढल्या. आदल्या दिवशी काढायच्या त्या आज काढल्या. एकीत गरम पाणी भरलं, एकीत माठातलं.

“डोळे मिटा तात्या. मी हाताला काहीतरी लावीन. गरम की गार, एवढंच सांगायचं.”

खांद्यावर त्यांनी बरोबर सांगितलं. दंडावर बरोबर सांगितलं. कोपराच्या खाली, फोडांना सोडून कडेला, मी गरम नळी टेकवली.

“सोसतंय,” ते म्हणाले.

“तसं नाही. गरम की गार?”

ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. मी गरम नळी काढून गार टेकवली.

“हेबी सोसतंय,” ते म्हणाले.

गौराबाईनं माझ्याकडे बघितलं. 

मी डॉक्टर हेरवाडकरांना बोलावलं. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे, बोलले तर तिरकस. त्यांनी आधी जखमेला पट्टी केली. मग कापसाची वात करून तात्यांचे डोळे मिटायला लावून हातावर फिरवली. मग त्यांच्या कोपराच्या मागच्या खोबणीत बोटं घालून चाचपलं आणि मला म्हणाले, “इथं हात लाव. आधी डावा बघ, मग उजवा.”

डाव्या कोपरामागची नस बोटाखालून सहज सरकली. उजवीकडची सुतळीसारखी जाड लागली. तात्यांनी हात झटकन मागे घेतला. तिथे मात्र दुखत होतं.

“हा सांधा नाहीये,” डॉक्टर म्हणाले. “आणि हे बघ.” खिडकीपाशी उजेडात त्यांनी हात वळवला. उन्हानं रापलेल्या कातडीवर फोडांच्या भोवती थोडा फिकट, कोरडा पट्टा होता. तिथे केस नव्हते. आदल्या दिवशी त्याच्यावरच मी पिशवी ठेवली होती. “करंगळीवरचे डाग कशाचे वाटले तुला?”

“गुळाचे,” मी म्हणाले.

“गुळाचेच. पण भाजलेलं कळलं नाही, म्हणून एवढे खोल.” मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तात्यांच्या समोर बसले. “पोवार, हा कुष्ठरोग आहे. लवकर सापडलाय. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, बरा होतो. नसेची सूज उतरायला वेगळं औषध देतो.”

“रगतपिती?” गौराबाई अगदी हळू म्हणाली आणि तिनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं ती लांब सरकेल. ती उलट जवळ सरकली.

तात्यांनी पट्टीवरून डावा हात फिरवला. मग म्हणाले, “म्हंजे गुळाला हात लावायचा न्हाई आता.”

“का नाही? गुळातून पसरत नाही तो. आणि औषध पोटात गेलं की पसरायचं त्याचं बळच जातं.”

“तुमास्नी म्हाईत हाय, डाक्टर. गावाला कुटं म्हाईत हाय? आमच्याच गल्लीत एकाची आदी ताटवाटी येगळी केली, मग घर येगळं केलं. तो बरा झाला त्यालाबी धा वर्सं झाली. त्याच्या हातचं पानी अजून कोन पीत न्हाई. माज्या हातचा गूळ कोन खाईल?”

डॉक्टरांनी माझ्या टेबलावरचं कार्ड ओढून त्यावर रोगाचं नाव आणि औषधं लिहिली.

मी गोळ्यांचं पाकीट आणायला निघाले, तेव्हा तात्यांनी मला थांबवलं. “बाई, काल तुमी इचारलं तवा मी खोटं न्हाई बोललो. सोसतच हुतं. दोन वर्सं झाली, पाक असाच सोसतोय. बोटं घातली तरी हूं की चूं न्हाई. लोक म्हनायचे, ईश्वराचा हात तयार झाला. मलाबी तसंच वाटलं.”

मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. गौराबाईच मला म्हणाली, “आता तुमी कशाला रडताय? गोळ्या आना.”

पहिली मात्रा त्यांनी आमच्यासमोर घेतली. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं. मी कोपराला आधार म्हणून कापूस भरलेली पट्टी करायला घेतली. शेक बंद. सुजलेल्या नसेला शेक नको, विश्रांती हवी, हेही मला आदल्या दिवशी कळायला हवं होतं. ते दोघं बाहेर बाकावर बसले आणि मी आत शिवत बसले.

दुपारी आनंदराव चौगुले आले. पांढरा सदरा, पायात करकरत्या चपला. भाजल्याची बातमी गुऱ्हाळावर पोचली होती. माणूस वाईट नव्हता, पण आठ दिवसांवर हंगाम होता.

“केळुसकर बाई, आमच्या गुळव्याला भाजलंय म्हणे तुम्ही.”

“हो.”

“किती येळ होती ती पिशवी?”

“वीस मिनिटं.”

ते खुर्चीवर बसले. आवाज खाली आणला. “मला एक सांगा. वीस मिनिटं हात भाजतोय आणि ईश्वरा गप बसतोय? माणूस हाय का दगड? मागल्या हंगामातबी मी बघितलं, पाकात बोट जातंय आणि ह्याच्या तोंडावरची रेघ हलत नाही. हातात काय दोष-बिष आलाय का? असला तर आत्ताच सांगा. लोकांच्या तोंडात जाणारा जिन्नस हाय आमचा. गडहिंग्लजकडचा एक गुळव्या मोकळा हाय. सांजपातूर निरोप धाडला तर येतोय.”

दार उघडं होतं. दारातून बाकाचं टोक दिसत होतं आणि बाकावर तात्यांचा पट्टी बांधलेला हात. तो हलत नव्हता. ते ऐकत होते.

उत्तर माझ्या टेबलावर पडलेलं होतं, डॉक्टरांच्या अक्षरात. ते दाखवलं असतं तर मी सुटत होते. भाजलं कारण त्यांना कळतच नव्हतं, माझा काय दोष? कोणीही मान डोलावली असती. मी कार्ड उलटं केलं.

“ते गप नव्हते,” मी म्हणाले. “दोनदा म्हणाले, बाई, सोसत नाही, काढा. मी म्हटलं, थोडं सोसा. बाहेर अकरा जण होते, मी घाईत होते. चूक माझी आहे.”

“दोनदा म्हणला?”

“दोनदा.”

“आणि तुम्ही काढलं न्हाई?”

“नाही.”

चौगुले उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “बाई, आम्ही अडाणी माणसं. पण जनावराला डाग देतानासुद्धा ते वरडलं की हात मागं घेतो आम्ही. मुंबईला हेच शिकवत्यात व्हय?”

मी उलटं कार्ड हाताखाली धरून ठेवलं.

“हात कवा बरा होईल?”

“जखमेला तीन आठवडे. तोवर पट्टी आणि लांब बाही. काहिलीच्या कड्यांना हात लावायचा नाही, जड उचलायचं नाही. गोळी डाव्या हातानं वळू देत.”

“वळंल. त्याचं दोन्ही हात तयार हायत,” ते म्हणाले आणि बाहेर गेले. बाकापाशी थांबून तात्यांना म्हणाले, “ईश्वरा, चुलवाण दसऱ्यालाच पेटायचं. आणि ह्या खोलीत परत पाऊल टाकू नगंस.”

“टाकाय लागतंय, मालक,” तात्या म्हणाले. “पट्टी बदलाय.”

डॉक्टर हेरवाडकर पलीकडच्या दारात कधीपासून उभे होते, मला कळलं नाही. “हे सगळं लेखी द्यावं लागेल तुला,” ते म्हणाले.

“देते.”

“खोटं कशाला बोललीस?”

“अर्धंच खोटं आहे, सर. नळ्या लावल्या नाहीत, ते खरंच आहे.”

त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या वेळी नळ्या लाव. म्हणजे उरलेलं अर्धं बोलावं लागणार नाही.”

लेखी दिलं. माझी नोकरी कायम व्हायची ती वर्षभर लांबली. ते चालण्यासारखं होतं. पण गावात मला नवं नाव पडलं. शेकाच्या बाईची मी भाजक्या बाई झाले. अकराच्या जागी बाकावर तिघं-चौघं येऊ लागले. जे येत ते आधी विचारत, “पिशवी तुमी लावनार का त्या मावशी?” आमच्या आया मावशींना एकदम भाव आला. मला राग येत असे, फार येत असे. एकदा बाजारात भाजीवालीनं मला बघून शेजारणीला कोपरखळी मारली, तेव्हा वाटलं, जावं आणि चौकात उभं राहून सगळं सांगून टाकावं. पण कोणाला सांगितलं नाही, आईलाही पत्रात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती म्हणाली असती, घरी ये.

मात्र तेव्हापासून एक झालं. ‘सोसतंय का’ हा प्रश्न मी तोंडातून काढून टाकला. त्या मुलखात त्याला एकच उत्तर होतं. बायका तर पिशवी टेकायच्या आधीच देत. मी नळ्या लावू लागले, प्रत्येकाला, रोज. लोक म्हणत, ह्या बाईनं धसका घेतलाय.

तात्या महिन्याला एकदा पट्टीच्या निमित्तानं येत. पट्टीची गरज कधीच संपली होती. महिन्याची लाल गोळी समोर घेत, रोजच्या बाकीच्या गोळ्या गौराबाई कनवटीला खोचून नेई. ती नुसती येत नसे. कधी काकवीची बाटली, कधी फडक्यात बांधलेला गुळाचा खडा टेबलावर ठेवी आणि म्हणे, “ह्यांच्याच हातचा हाय. खावा.” मी तिच्यासमोर खाई. त्यावरच्या गप्पा आम्ही कधी केल्या नाहीत. हंगाम नीट चालला होता. चौगुल्यांचा गूळ त्या वर्षीही चांगला उतरला, असं लोक म्हणत.

एप्रिलमध्ये सहावं पाकीट संपलं. ऊन तापलं होतं, गुऱ्हाळ बंद झालं होतं. तात्या आत येऊन पडद्यामागे बसले आणि न सांगता बाही वर करून डोळे मिटले.

मी नळ्या भरल्या. खांद्यावर, दंडावर सगळं ठीक. करंगळीवर गरम नळी लावली.

“कळत न्हाई,” ते म्हणाले. हे उत्तर द्यायला मी त्यांना सहा महिन्यांत शिकवलं होतं. सोसतंय हे इथे चालत नाही, गरम, गार नाहीतर कळत नाही, तीनच उत्तरं. करंगळी तशीच राहिली ती कायमची. शेजारच्या बोटाला मात्र ते जरा घुटमळून म्हणाले, “गार असावं.” ते गारच होतं.

मग मी कोपराखाली आले. जखमेची जागा आता गुलाबी, गुळगुळीत होती. भोवतालच्या फिकट पट्ट्यावर बारीक लव आली होती. मी गरम नळी तिथे टेकवली आणि एक, दोन मोजलं.

“सोसत न्हाई!” तात्या केवढ्यानं तरी ओरडले आणि हात ओढून घेतला. “बाई, काढा, सोसत न्हाई!”

नळीतलं पाणी एवढं काही गरम नव्हतं. मी ती माझ्या मनगटाला लावून बघितली. तात्यांनी डोळे उघडले होते आणि ते कोणाचा तरी परका हात बघावा तसे आपल्या हाताकडे बघत होते. खाली मांडी घालून बसलेली गौराबाई उठून उभी राहिली.

“आजून एकडाव लावा की,” तात्या हळूच म्हणाले.

“डोळे मिटा.”

मी परत लावली.

“सोसत न्हाई!” या वेळी आवाज आधीपेक्षा मोठा होता. गौराबाई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. माझंही तेच चाललं होतं.

पडद्याबाहेर बाकावर त्या दिवशी चौघं होती. पहिल्या ओरडण्याला दोघी उठून गेल्या, दुसऱ्याला उरलेले दोघे. मी कोणालाच परत बोलवायला गेले नाही. तात्या सोसत नाही म्हणाले होते, आणि मोजून दोनदा.